क्रॉफर्ड मार्केट: दीडशे वर्षांची इमारत, बदलते गाळे आणि आजची खरेदी

क्रॉफर्ड मार्केटमध्ये पहिल्यांदा शिरणारा माणूस हमखास गोंधळतो. दोन्ही बाजूंनी हाका येतात, कुणी आंब्याची फोड पुढे करतो, कुणी पाटी घेऊन मागे लागतो, आणि दहा मिनिटांत आपण कुठून आत आलो तेच लक्षात राहत नाही. त्यामुळे आत शिरायची घाई करू नका. लोकमान्य टिळक मार्ग आणि दादाभाई नौरोजी रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, पोलीस आयुक्तालयाच्या बाजूला उभं राहून आधी इमारत नीट बघून घ्या. कोणता माल कुठे बसतो आणि का, याचं उत्तर तिच्या आखणीत आहे. गाळ्यांतला माल किती वेळा बदलला, पण आखणी तीच राहिली. म्हणूनच काही माल इथे आजही उत्तम मिळतो आणि काही माल इथून घेऊ नये.

समोर १२८ फुटी घड्याळाचा मनोरा. त्याखाली मधला चौक, आणि चौकाला जोडून दोन दालनं: एक १५० फूट लांब, दुसरं ३५० फूट, रुंदी दोघांची १०० फूट. बांधलं तेव्हा आखूड दालन फळाफुलांसाठी होतं आणि लांब दालन भाजी, मसाले, पीठ, लोणी यांच्यासाठी. मटण आणि मासळी या दालनांत घेतलीच नव्हती. त्यांच्या शेड मागे, वेगळ्या. ज्या मालाला पाणी लागतं, ज्याचा वास पसरतो, जो धुवून काढावा लागतो, तो कोरड्या मालापासून लांब ठेवायचा, हा साधा नियम. छप्पर पंधरा मीटर उंच, वरून उजेड येईल असं. खालची गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि फळांवर थेट ऊन पडत नाही. मे महिन्यात भर दुपारी डोक्यावर ताडपत्री नसलेल्या एखाद्या बोळात उभं राहिलात, तर हा फरक अंगाला कळतो.

आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्याच सुमारास किल्ल्याची तटबंदी पाडली जात होती आणि तटाच्या आतलं गोरं शहर व बाहेरची देशी वस्ती यांच्या सीमेवर मोकळी जागा तयार झाली होती. मंडईसाठी नेमकी हीच जागा निवडली गेली. आराखडा विल्यम इमर्सनचा. काम हाती घेतलं तेव्हा त्याचं वय जेमतेम बावीस. पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्यानेच उभं केलं. १८६९ मध्ये इमारत पुरी झाली. भिंतींना कुर्ल्याचा खडबडीत पिवळसर दगड, कमानींना आणि काठांना वसईचा तांबडा दगड. खालच्या फरश्या स्कॉटलंडमधल्या केथनेसहून जहाजाने आणलेल्या.

दरवाजांच्या कमानींवरची दगडी शिल्पं बहुतेक लोक मान वर न करताच ओलांडून जातात. ती जॉन लॉकवुड किपलिंगची. समोरच्याच जे. जे. कला शाळेत ते शिकवत. शेतात राबणारी, पीक काढणारी माणसं त्यात कोरली आहेत. मंडईच्या दारावर राजाराणीचा मुखवटा न बसवता, ज्यांचा माल आत विकला जाणार त्यांना बसवलं, ही गोष्ट आजही भावते. सकाळचा उजेड तिरपा असतो तेव्हा कोरीवकाम सर्वांत स्वच्छ दिसतं. आतलं कारंजंही इमर्सन-किपलिंग जोडीचंच. वर्षानुवर्षं त्यावर रंगाचे थर चढत गेले आणि भोवती खोक्यांचे ढीग लागले, तरी दगडावरचे प्राणी-पक्षी जवळ गेल्यावर ओळखू येतात. आत कुणाला भेटायचं ठरवत असाल तर ‘कारंज्यापाशी’ एवढंच सांगा, चुकामूक होत नाही.

नावाबद्दल थोडं. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. टॅक्सीवाल्याला मात्र क्रॉफर्ड मार्केटच सांगावं लागतं. पुण्याच्या रे मार्केटलाही पुढे फुल्यांचंच नाव मिळालं. मंडईची टोलेजंग इमारत बांधण्याऐवजी तो पैसा शिक्षणावर खर्च करावा, असं फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना ठणकावून मांडलं होतं. इकडे क्रॉफर्डसाहेबांचं नाव १८८८ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात गाजलं. त्यात लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांच्या बाजूने टिळक उभे राहिले. आज मंडईच्या एका अंगाचा रस्ता टिळकांच्या नावाने आहे आणि मंडई फुल्यांच्या.

आता गाळ्यांकडे. पालिकेच्या मंडईत गाळा मालकीचा नसतो. गाळेधारकाकडे परवाना असतो, आणि त्या गाळ्यात कोणता माल विकायचा हेही परवान्यात ठरलेलं असतं. भाजी, फळं, मटण, मासळी हा मंडईचा माल, म्हणजे पालिकेच्या भाषेत ‘मार्केटेबल’. भांडी, सौंदर्यप्रसाधनं, खेळणी हा ‘नॉन-मार्केटेबल’. माल बदलायचा तर पालिकेची परवानगी लागते. त्यामुळे इथले बदल रस्त्यावरच्या दुकानांसारखे एका रात्रीत होत नाहीत. बाहेर काहीतरी मोठं घडतं, मग एकेक ओळ हळूहळू पालटते. फळांच्या ओळीत मधेच चॉकलेटचं दुकान दिसलं, तर तिथे कधीतरी असा बदल होऊन गेला आहे असं समजा.

पहिला मोठा बदल दिव्यांचा. १८८२ मध्ये या मंडईत विजेचे दिवे लागले, मुंबईत सर्वांत आधी. पुरवठा करणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली. त्या काळी बाजार मुख्यतः दिवसाउजेडीचाच होता. उंच छप्पर आणि वरचा उजेड यांचं महत्त्व इथे कळतं.

दुसरा बदल खरा मुळापासूनचा. मार्च १९९६ पर्यंत मुंबईची फळांची घाऊक पेठ इथेच होती. पहाटे ट्रक, हमाल, आढतिये, लिलाव, हाताच्या रुमालाखाली बोटांनी ठरणारे भाव. तो सगळा कारभार नवी मुंबईत कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात गेला. मागे राहिले ते किरकोळ विक्रीचे गाळे, आणि त्यांचा धंदाच उलटा झाला. पूर्वी माल इथून शहरभर जायचा, आता इथला दुकानदार पहाटे वाशीहून माल आणतो. ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे: ‘घाऊक भाव’ हे शब्द इथे ऐकू येतात तेव्हा विश्वास ठेवू नका. भाव किरकोळच असतो, फार तर मोठ्या खरेदीला थोडा कमी होतो. इथे पैसे मोजायचे ते निवडीसाठी. वाशीहून आलेल्या ढिगातून दुकानदाराने वेचून काढलेलं फळ इथे मिळतं आणि ते वेचणारी नजर इथल्या जुन्या गाळ्यांत अजून आहे.

तिसरा बदल परदेशी मालाचा. परवाना-परमिटच्या काळात ‘फॉरेन’चं चॉकलेट, चीजचा डबा, साबण, परफ्यूम हवा असला की लोक इथे यायचे. १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं उठली आणि हाच माल उघडपणे, रीतसर येऊ लागला. त्यातून सुकामेवा-चॉकलेट-बेकिंग या दुकानांची एक नवी पिढी उभी राहिली. केकचे साचे, खोके, सजावटीचं साहित्य, कोको, व्हॅनिला, क्रीम: घरून केक करून विकणाऱ्या बायकांसाठी मंडईच्या आतली आणि आजूबाजूच्या रस्त्यांवरची ही दुकानं म्हणजे आज मुंबईतला सर्वांत सोयीचा पुरवठा आहे.

आता खरेदी. सुरुवात आंब्यापासून, कारण एप्रिल-मे मध्ये अर्धी गर्दी त्यासाठीच असते.

पेटी घेताना डझनाचा आकडा विचारा. ४ डझनाच्या पेटीत फळ साधारण २८० ते ३०० ग्रॅमचं, ६ डझनाच्या पेटीत २०० ते २२० ग्रॅमचं. वजन दोन्हींचं जवळपास सारखं, भाव मात्र मोठ्या फळाला जास्त. घरात रोज दोन-तीन फळं कापणाऱ्यांना ५ किंवा ६ डझनाची पेटी परवडते. मोठ्या फळाचा मोह आवरा. त्यात साक्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे बाहेरून पिकलेलं सुंदर फळ आतून पांढरट, आंबूस, स्पंजासारखं निघतं. साका बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून ‘एकही खराब निघणार नाही’ अशी हमी देणाऱ्यापेक्षा, ‘साका निघाला तर बदलून देतो’ म्हणणारा गाळा धरा.

पेटी समोर उघडून घ्या. वरचा थर सगळेच चांगला लावतात; मधलं गवत बाजूला सारून खालचा थर बघायला मागा. देठाजवळ खांदा भरलेला हवा, देठ किंचित खोल गेलेला हवा. पिकलेल्या हापूसची साल पातळ असते आणि देठाशी नाक नेलं की वास यायला हवा. रंग एकसारखा पिवळाधमक पण वास नाही आणि फळ कडक, असं असेल तर ते घाईने पिकवलेलं. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने १०० पीपीएमपर्यंत पिकवायला परवानगी आहे आणि त्यात गैर काही नाही, पण तेही कच्चं तोडलेल्या फळाला चव देऊ शकत नाही.

कर्नाटकी फळ देवगडच्या नावाने विकलं जातं, ही तक्रार जुनीच. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या भागांचं. पेटीवरचं छापील नाव हा पुरावा नव्हे, रिकाम्या पेट्या पुन्हा वापरल्या जातात. एक फळ कापायला सांगा: कोकणचा हापूस केशरी, बिनरेषेचा, आणि कापल्या कापल्या वास सुटतो. कर्नाटकी फळ वाईट नसतं, फक्त त्याचा भाव वेगळा हवा.

घरी आणल्यावर आंबे फ्रिजमध्ये घालू नका. १२-१३ अंशांखाली अर्धवट कच्चं फळ गेलं की त्याचं पिकणं थांबतं आणि साल काळपट पडते. गवतात एक थर, देठ वर करून, हवेशीर कोपऱ्यात ठेवा आणि रोज फिरवा. पिकलेलं मात्र खायच्या आधी तासभर थंड करायला हरकत नाही.

फळांना इतर मोसमांतही आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण जातो तो फोड चाखायला देऊन दुसऱ्याच ढिगातलं फळ पिशवीत भरणाऱ्यांमुळे. पिशवी तुमच्या हातात घ्या, फळं तुमच्या हातांनी भरा. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेताना डबा उलटा करून तळ बघा. खाली रस सुटून कागद ओला झाला असेल तर ती संध्याकाळपर्यंतच टिकेल.

सुकामेव्यात आकडे समजले की फसवणूक अवघड होते. काजूवर डब्ल्यू १८०, २४०, ३२० असं लिहितात ते एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये बसणाऱ्या अख्ख्या काजूंची संख्या. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. रोजच्या वापराला ३२० पुरेसा. वाटणाला पाकळी किंवा तुकडा घ्या, चवीत फरक नाही आणि भावात बराच आहे. अक्रोड, बदाम, पिस्ता यांत भीती खवटपणाची. उघड्या पोत्यात, बल्बच्या उजेडाखाली, मे-जूनच्या उकाड्यात ठेवलेल्या अक्रोडातलं तेल लवकर बिघडतं. एक अक्रोड तोडून चावा. जिभेच्या मागच्या भागावर कडवट चिकटा राहिला तर पुढच्या गाळ्यावर जा. पावसाळ्यात एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका. खजूर आणि जर्दाळू रमजानच्या आधीच्या आठवड्यांत सर्वांत ताजे आणि सर्वांत जास्त प्रकारचे मिळतात.

आयात केलेल्या चॉकलेट, चीज, सॉसच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि एमआरपी असलेली पट्टी हवी. पट्टी नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी नको. तो कुठून, किती उन्हातून आला ते कळायला मार्ग नसतो. चॉकलेटवर पांढरट भुकटीसारखा थर असेल तर ते बहुधा एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेलं आहे. खाल्ल्याने अपाय नाही, पण साच्यात ओतायचं तर ते पुन्हा वितळवून ठरावीक तापमानाला आणून जमवावं लागतं. बेकिंगसाठी मागताना ‘कंपाउंड’ (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं) की कोको बटरचं खरं चॉकलेट, हे स्पष्ट सांगा. दोन्हींच्या लाद्या सारख्याच दिसतात, भाव दुप्पट-तिप्पट वेगळे असतात. उन्हाळ्यात चॉकलेट आणि क्रीम शेवटी घ्या आणि घरून थंड पिशवी आणा.

पक्षी-प्राण्यांच्या ओळीला आमची शिफारस नाही. ही ओळ मागच्या टोकाला आहे आणि तिथे उभं राहणंच जिवावर येतं. हवा खेळती ठेवणारी ही इमारत फळांसाठी बांधली होती, पिंजऱ्यांच्या उतरंडीसाठी नव्हे. आपल्याकडचा कोणताही पोपट विकणं किंवा पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मुलांच्या हट्टासाठीसुद्धा. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत २०१८ चे पेट शॉप नियम आहेत: दुकानाची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. माशांच्या टाक्या, खाद्य, जाळ्या एवढंच इथून घ्यायला हरकत नाही.

मटण-मासळीसाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून निघावं. मागच्या बाजूला पालिकेचं पुनर्विकासाचं काम टप्प्याटप्प्याने होत आलं आहे आणि त्यात गाळे हलवले जातात. त्याआधी संपूर्ण मंडईच खासगी विकासकाच्या हाती देण्याचा प्रस्ताव होता. तो विरोधामुळे मागे पडला आणि जुनी वास्तू वाचली. १९९५ च्या वारसा नियमांनुसार ती पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे बाहेरून-आतून मूळ रूपाला धक्का लावता येत नाही. दुरुस्तीनंतर दर्शनी दगड उजळला आहे, हे मनापासून मान्य करायला हवं.

पण नियमाला कागदावर जितका जोर आहे तितका बोळांत नाही. गाळ्यांवर चढवलेले पोटमाळे, त्यांवर रचलेली खोकी आणि बोळांवर ताणलेल्या निळ्या ताडपत्र्या यांनी छपराकडे जाणारी हवा कोंडते. मग गाळेधारक पंखे आणि दिवे वाढवतो, वायरी लोंबकळतात, उष्णता आणखी वाढते आणि फळ एक दिवस आधी उतरतं. दगडावर ऑइलपेंट लावण्याची जुनी खोडही अशीच महागात पडते: पावसाळ्यात आत गेलेली ओल रंगामुळे बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या जागी सिमेंट भरलं की तेच. लोखंडी खांबांचे पाय सतत ओले राहिले की गंज तिथूनच धरतो. यावरचा उपाय खर्चाचा नाही. ताडपत्र्या उतरवल्या आणि पोटमाळ्यांची उंची मर्यादित ठेवली, तर इमर्सनचं छप्पर स्वतःचं काम पुन्हा करू लागेल, आणि त्याचा पहिला फायदा गाळेधारकालाच होईल.

जायचं कसं: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चालत दहा मिनिटं, मस्जिद स्थानकही जवळ आहे. गाडी नेऊ नका. सकाळी अकराच्या आत फळं ताजी लावलेली असतात आणि बोलायला दुकानदाराला वेळ असतो. सुकामेवा आणि बेकिंगची दुकानं थोडी उशिरा उघडतात. रविवारी बरेच गाळे बंद किंवा अर्धा दिवसच. रमजान, दिवाळी आणि नाताळ यांच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते आठ टाळा. दमलात तर रस्त्यापलीकडे १९०५ पासूनचं बादशाह हे फालुद्याचं दुकान आहे. फालुदा एक घेऊन दोघांत वाटला तरी पुरतो.

एकापेक्षा जास्त पेट्या असतील तर पाटीवाला करा, मात्र मजुरी आधी ठरवा आणि टॅक्सीपर्यंत की स्थानकातल्या फलाटापर्यंत, तेही आधीच सांगा. पेटीला सुतळी चारही बाजूंनी बांधून घ्या, नुसती मधोमध बांधली की डब्यात चढताना खालची फळी सुटते.